कोथिंबीर टिकवायची नसते, पेरत राहायची असते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धणे पेरले, त्यातले निम्मे उगवलेच नाहीत. उगवले त्यातली बरीच रोपं आठवड्याभरात आडवी झाली. उरलेली मोठ्या कुंडीत हलवली, तर महिन्याभरात त्यांचे दांडे वर गेले, पानं बारीक झाली आणि फुलं आली. विकत आणलेली हिरवीगार कुंडीही दोन आठवड्यांत वाळली. आणि शेवटी विचारलंय, की कोथिंबिरीचं झाड वर्षभर टिकवायचं तरी कसं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण निम्मी चिडचिड तिथूनच येते. ते टिकत नाही आणि टिकवायचंही नसतं. पुदिना, रोझमेरी, ओरेगॅनो ही बहुवर्षायू झाडं. छाटा, पुन्हा फुटतील. कोथिंबीर त्या जातकुळीतली नाही. उगवायचं, थोडी पानं करायची, फुलायचं, बी धरायचं आणि वाळून जायचं, एवढा सगळा संसार ती तीन-चार महिन्यांत उरकते. त्यात आपल्या कामाचा, म्हणजे भरपूर रुंद पानांचा काळ बहुतेकदा जेमतेम तीन ते पाच आठवड्यांचा. त्यामुळे कोथिंबिरीचं झाड सांभाळणारा माणूस कायम हरतो. दर दोन-तीन आठवड्यांनी मूठभर धणे पेरणाऱ्याच्या घरी ती कायम असते, आणि त्याचा हात काही तुमच्यापेक्षा वेगळा नसतो.

हे काही नवं शहाणपण नाही. इजिप्तमध्ये तुतानखामेनचं थडगं १९२२ मध्ये सापडलं, त्यात धणेही होते. तिथे कोथिंबीर रानात आपोआप उगवत नाही, त्यामुळे ती मुद्दाम पेरली जात असावी, असं अभ्यासक मानतात. म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीही माणसं बीच राखत होती.

आता तुमच्या तीन तक्रारी. न उगवणं, आडवं होणं आणि लवकर फुलणं. यांची कारणं वेगवेगळी आहेत. तुम्ही सगळ्यावर पाणी वाढवण्याचा एकच उपाय केलात, आणि दुसऱ्या तक्रारीत तर त्यानेच घात केला असण्याची शक्यता जास्त.

पहिली गोष्ट, धणे. आपण ज्याला बी म्हणतो तो धणा खरं तर फळ आहे. एक दाणा तळहातावर घेऊन उजेडात पाहा. टोकाला फुलाचा वाळका शेंडा चिकटलेला असतो आणि अंगावर उभ्या रेघा असतात. बोटांनी दाबलात तर तो बरोबर मधोमध उकलतो आणि दोन वाट्या हातात येतात, आतून खोलगट. प्रत्येक वाटीत एक बी. अख्खा धणा पेरला तरी उगवतो, पण साल कडक असल्याने पाणी आत शिरायला वेळ लागतो, आणि उगवलाच तर एकाच जागी दोन रोपं एकमेकांच्या उरावर बसतात. म्हणून धणे आधी फोडायचे. पाटावर पसरून लाटण्याने किंवा सपाट तळाच्या वाटीने हलका दाब द्यायचा. फक्त दोन भाग व्हायला हवेत. भरड झाली की आतलं बी चिरडलं जातं, ते मग स्वयंपाकघराकडेच परत पाठवा.

फोडलेले धणे आठ ते बारा तास पाण्यात ठेवा, ते पाणी फेकून द्या, एकदा धुऊन घ्या आणि लगेच पेरा. दोन-दोन दिवस भिजत ठेवू नका, बियांनाही हवा लागते.

मसाल्याच्या डब्यातले धणे चालतात का, असं प्रत्येक जण विचारतो. चालतात, पण खात्री नसते. ते खाण्यासाठी विकलेले असतात, उगवण्यासाठी नव्हे. कधी जुने असतात, कधी टिकावेत म्हणून त्यांवर उष्णतेची किंवा किरणांची प्रक्रिया झालेली असते, आणि हे दिसण्यावरून कळत नाही. त्यामुळे आधी परीक्षा घ्या. ओल्या कागदी रुमालावर वीस अर्धुकं पसरा, वर दुसरा ओला कागद, आणि सगळं झाकणाच्या डब्यात सावलीत ठेवा. दोन आठवड्यांत चौदा-पंधरा फुटले तर बिनधास्त पेरा. दहाच्या खाली असतील तर दुसरे धणे आणा, खतं-औषधं शोधत बसू नका. मेलेलं बी कशानेच उगवत नाही.

यात तापमानाचा वाटा बराच मोठा आहे. पंधरा ते पंचवीस अंश सेल्सिअसला कोथिंबीर साधारण सात ते चौदा दिवसांत वर येते. थंडी जास्त असेल तर तीन आठवडेही लागतात, तेव्हा दहाव्या दिवशी माती उकरून पाहू नका. तीस अंशांच्या वर माती तापली की उगवण अडखळते. काही दाणे येतात, काही रुसतात. अशा दिवसांत कुंडी उगवेपर्यंत सावलीत ठेवलीत तर फरक पडतो.

आता कुंडी. रुंदी हवी तेवढी घ्या, खोली मात्र किमान वीस सेंटिमीटर हवी, पंचवीस असली तर उत्तम. कोथिंबीर गाजराच्या कुळातली आहे. बडीशेप, शेपू, जिरं, ओवा हे सगळे तिचे भाऊबंद. या घराण्याची सवय म्हणजे खाली सरळ जाणारं सोटमूळ. वर बोटभर रोप दिसतं तेव्हा खाली मूळ त्याहून लांब गेलेलं असतं. उथळ ट्रेमध्ये ते तळाला टेकतं, माती भराभर वाळते, आणि झाड समजतं की दिवस वाईट आले. मग फुलायची घाई. रोपं उपटून दुसरीकडे लावली तरी तेच होतं, कारण सोटमुळाचं टोक तुटलं की बाजूची मुळं वाढून तोल सावरेपर्यंत झाडाचा वेळ जातो, आणि तिच्याकडे मुळात वेळ कमी. तुमची हलवलेली रोपं लवकर फुलली त्यात हे एक कारण नक्की आहे. कोथिंबीर जिथे वाढायची तिथेच पेरायची. फारच गरज असेल तर कागदाच्या नळीत किंवा कोकोपीटच्या कपात पेरून, सुरुवातीच्या दोन अरुंद पानांनंतरचं दुसरं खरं पान येण्याआधी तो कप सगळाच्या सगळा मातीत बसवा.

माती भुसभुशीत, निचऱ्याची. बागेतली माती, चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि निचऱ्यासाठी जाडसर वाळू किंवा परलाइट, असं मिश्रण पुरतं. सामू, म्हणजे मातीचा पीएच, सहा ते सातच्या दरम्यान असला की झालं, त्यापलीकडे मोजमाप करत बसण्याइतकी ती नाजूक नाही. ताजं शेणखत किंवा भरमसाठ नत्र नको. पानं फोफावतात, पण लुसलुशीत दांडे लोळतात, मावा जमतो आणि वासही मला तरी पातळ वाटतो.

पेरण्याआधी माती भिजवा आणि वाफसा येऊ द्या, म्हणजे मूठ दाबली तर गोळा व्हावा पण पाणी टपकू नये. बोटाने एक ते दीड सेंटिमीटर खोल ओळी ओढा, दोन ओळींत आठ-दहा सेंटिमीटर. धणे दोन-तीन सेंटिमीटरवर टाका, माती ओढा, तळव्याने दाबा. दाबणं विसरू नका, बियांना माती नीट चिकटली पाहिजे. पेरून झाल्यावर वरून तांब्याने पाणी ओतलंत की सगळे धणे वाहून एका कोपऱ्यात जमतात. मग तिथे जंगल उगवतं आणि बाकी कुंडी मोकळी. बारीक छिद्रांची झारी किंवा फवारा वापरा. वर ओलं गोणपाट किंवा वर्तमानपत्र टाकलं तर माती वाळून कडक होत नाही, पण पहिला अंकुर दिसला की त्याच दिवशी ते काढा.

उगवताना आधी दोन लांबट, अरुंद, गवताच्या पात्यासारखी पानं येतात. ती बीजपत्रं. नवखे लोक तण समजून तीच उपटतात, तेव्हा हात आवरा. त्यानंतरचं पान गोलसर, कातरलेल्या कडांचं येतं आणि चुरगळलं तर ओळखीचा वास येतो.

आडवं होण्याबद्दल. दोन वेगळ्या गोष्टी एकसारख्या दिसतात, म्हणून जवळून पाहा. पडलेलं एक रोप हळूच उचला आणि मातीला टेकणारा देठ बघा. देठ फिकट हिरवा, लांब, अख्खा असेल आणि नुसता वाकला असेल तर त्याला उजेड कमी पडलाय. खिडकीपासून दूर ठेवलेल्या कुंडीत रोपं उजेड शोधत ताणली जातात आणि स्वतःच्या वजनाने लोळतात. यांना वाचवता येतं. उजेडात आणा आणि देठांच्या बुडाशी सेंटिमीटरभर कोरडी माती किंवा बारीक कंपोस्ट घाला. मातीच्या रेषेवर देठ दोऱ्यासारखा बारीक, पाणचट किंवा तपकिरी झाला असेल आणि रोप तिथेच मोडलं असेल, तर ती बुरशीची रोपमर आहे. जमिनीतल्या पिथियम, रायझोक्टोनियासारख्या बुरशी सतत ओल्या, गच्च, हवा न खेळणाऱ्या मातीत कोवळ्या देठांवर चढतात. पडलेलं रोप उभं राहत नाही. ते आणि आजूबाजूची दोन-चार काढून टाका, पाणी तोडा, कुंडी वाऱ्यावर ठेवा. पुढच्या वेळी ताजं मिश्रण, विरळ पेरणी आणि सकाळचं पाणी. संध्याकाळी पाणी घालून रात्रभर रोपं ओली ठेवणं या बुरशीला फार मानवतं. तुमच्या वर्णनात ‘रोज दोन वेळा पाणी’ आहे, म्हणून माझा संशय दुसऱ्या कारणावर.

पाण्याचा नियम घड्याळावर बांधू नका. बोट मातीत एका पेराएवढं घाला. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर उद्या पाहू. द्यायचं तेव्हा तळाच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत द्या, आणि बशीत साठलेलं ओतून टाका. जोराच्या उन्हात रोज लागेल, ढगाळ थंड दिवसांत तीन-चार दिवस लागणारही नाही. एक टोक सोडून दुसरं गाठू नका. आज चिखल, उद्या भेगा, हा प्रकार तिला सगळ्यात वाईट.

विकत आणलेल्या हिरव्यागार कुंडीचंही इथेच सांगून टाकतो. ती एक झाड नसते. मूठभर मातीत तीस-चाळीस रोपं दाटीने वाढवलेली असतात, काचघरातल्या नियंत्रित हवेत, आठवडाभरात वापरून संपावीत म्हणून. घरी येऊन ती महिनोन्‌महिने वाढतील अशी अपेक्षा ठेवायला ती बनवलेलीच नाहीत. आणल्यावर अर्धी लगेच कापून वापरा. उरलेल्यांना मोठी कुंडी द्यायची असेल तर मातीचा गड्डा न फोडता अख्खा बसवा. दोन आठवडे जास्त मिळतील, एवढंच.

आता मुख्य दुखणं, लवकर फुलणं. इथे थोडं थांबू, कारण सर्वाधिक चुकीचे सल्ले यावरच दिले जातात.

कोथिंबीर फुलायचं कधी ठरवते? दिवस लांबला आणि हवा तापली की. लांब दिवसात लवकर फुलणाऱ्या वनस्पतींपैकी ती आहे. त्यात पाण्याचा ताण, उथळ कुंडी, दाटी, मुळांना इजा यांची भर पडली की तारीख आणखी अलीकडे येते. उन्हाळ्याच्या तोंडावर पेरलेली कोथिंबीर चार-पाच आठवड्यांत दांडा काढते, आणि तेच धणे थंड, लहान दिवसांत पेरले तर दोन महिने पानं देतात. दिवसाची लांबी आपल्या हातात नाही. ताप आणि ताण मात्र थोडेफार आहेत. गरम दिवसांत सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारनंतर सावली, अशी जागा शोधा. मातीवर वाळक्या पानांचा थर द्या. काळी कुंडी असेल तर तिला पांढरं कापड गुंडाळा, नाहीतर दुपारी मुळं अक्षरशः शिजतात. एवढं करून आठ-दहा दिवस जास्त पदरात पडतात. चमत्कार होत नाही.

फुलायचा निर्णय झालाय हे फुलं दिसण्याच्या बऱ्याच आधी कळतं, आणि ते ओळखता येणं फार उपयोगी आहे. झाडाचा गाभा रोज बघा. आतापर्यंत सगळी पानं मातीलगत एकाच जागेतून, पंख्यासारखी निघत होती. एक दिवस मधून येणारं कोवळं पान वेगळं दिसतं. त्याचे भाग अरुंद असतात, कातरा खोल गेलेला असतो. पुढचं पान आणखी बारीक, जवळजवळ शेपूसारखं. त्याच सुमारास मधे बोटाला टणक असा गोल दांडा लागतो, आणि दोन पानांमधलं अंतर वाढू लागतं. इथून परत फिरणं नाही. शेंडा खुडला की झाड पुन्हा पानांवर येतं, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच, कारण तुळशीच्या जातींबाबत तो बऱ्यापैकी खरा आहे. कोथिंबिरीत शेंडा खुडला की बाजूने आणखी दोन-तीन दांडे येतात आणि तेही फुलायलाच निघालेले असतात. तेव्हा ते पहिलं अरुंद पान दिसताच खालची सगळी रुंद पानं काढून घ्या आणि पुढची कुंडी पेरलेली नसेल तर त्याच दिवशी पेरा.

वाणांमुळे फरक पडतो, हे मात्र खरं. धण्यांचे ढोबळ दोन प्रकार आहेत. मोठ्या दाण्याचा, साधारण तीन ते पाच मिलिमीटरचा, उष्ण प्रदेशांत जास्त दिसणारा. आणि लहान दाण्याचा, तीन मिलिमीटरच्या आतला, थंड प्रदेशांतला, ज्यात सुगंधी तेलाचं प्रमाण जास्त असतं. लहान दाण्याचा प्रकार साधारणपणे उशिरा फुलतो. शिवाय पानांसाठी म्हणून निवडलेले, उशिरा फुलणारे वाण बियाण्यांच्या पाकिटांत मिळतात. सँटो, कॅलिप्सो, लेझर (Leisure) ही नावं बहुतेक ठिकाणी दिसतील. ते फुलतच नाहीत असं नाही, पण साध्या धण्यांपेक्षा पानांचा काळ लांबतो. फक्त पानंच हवी असतील तर हे पाकीट घेण्यावर झालेला खर्च मला योग्य वाटतो. खतांच्या रंगीत बाटल्यांवरचा नाही.

पेरणीचं वेळापत्रक मी असं ठेवायला सांगतो: तीन कुंड्या. पहिली पेरली, अडीच आठवड्यांनी दुसरी, पुन्हा तेवढ्याच अंतराने तिसरी. पहिली पाच-सहा आठवड्यांत कापायला येते, तिसरी रांगायला लागते तेव्हा पहिली संपत आलेली असते. ती उपटा, माती सैल करा, दोन मुठी कंपोस्ट मिसळा आणि पुन्हा पेरा. थंडीत हे अंतर चार आठवड्यांपर्यंत ताणता येतं, गरमीत दहा-बारा दिवसांवर आणावं लागतं. भर उन्हाळ्यात तर मोठं झाड करायच्या भानगडीतच पडू नका. धणे दाट पेरा, बीजपत्रांनंतर एक-दोन खरी पानं आली की तीन आठवड्यांच्या आसपास कात्रीने सगळंच कापून घ्या. या कोवळ्या रोपांना फुलायला सवडच मिळत नाही, आणि चव छान असते.

कापणी. रोप बोटभर झालं की लोक हपापल्यासारखे मधले शेंडे खुडतात. मधला गाभा सोडा. बाहेरची, जुनी पानं देठासकट बुडातून घ्या, आणि एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. मातीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर सरसकट कापलं, तर थंड दिवसांत झाड एकदा, क्वचित दोनदा पुन्हा फुटतं. गरमीत त्या फुटव्यावर भरवसा ठेवू नका. अशा कापणीनंतर पातळ केलेलं द्रवखत एकदा द्यायला हरकत नाही. विरळणी करताना उपटलेली रोपंही फेकू नका, मुळासकट वापरता येतात. मुळांना पानांपेक्षा खोल, मातकट गोडसर स्वाद असतो.

कापलेली कोथिंबीर ताजी ठेवायची तर देठ पाण्याच्या पेल्यात, पानांवर सैल पिशवी, आणि पेला फ्रिजमध्ये. पाणी दोन दिवसांनी बदला. वाळवण्याच्या फंदात पडू नका. पानांचा वास अल्डिहाइड गटातल्या उडून जाणाऱ्या संयुगांचा असतो, वाळल्यावर हिरवा कचरा उरतो. जास्त झाली तर चिरून थोड्या पाण्यात किंवा तेलात बर्फाच्या साच्यात गोठवा. त्याच अल्डिहाइडमुळे काही लोकांना कोथिंबीर साबणासारखी लागते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या नावडीचा संबंध ओआर६ए२ नावाच्या वासग्राहक जनुकाजवळच्या फरकाशी जोडला गेला. तेव्हा घरातलं कोणी ‘तुझ्या कुंडीतली कोथिंबीर साबणासारखी लागते’ म्हणालं, तर कुंडीत दोष शोधू नका.

किडी-रोगांचं फार मनावर घेऊ नये, झाडच तीन-चार महिन्यांचं. मावा आला तर पाण्याची जोरदार धार पानांच्या मागून मारा. पुन्हापुन्हा येत असेल तर नत्र जास्त झालंय का ते बघा. पानांवर पिठासारखी पांढरी भुरी दिसली तर दाटी कमी करा, ती पानं काढा. पाणचट डाग पडून पुढे तपकिरी-काळे होत असतील तर तो जिवाणूजन्य करपा असू शकतो. तो बियांतून येतो आणि पानांवर उडणाऱ्या पाण्यातून पसरतो. त्या कुंडीतले धणे पुढे पेरायला ठेवायचे नाहीत आणि पाणी बुडाशी घालायचं. खायच्या पानांवर घरात विषारी फवारे मारण्यात मला काडीचाही अर्थ दिसत नाही. कापून टाका, नवी पेरा.

आणि जिथे उन्हाळा लांबच लांब आहे, तिथे दोन पर्याय माहीत असू द्या. एक, लांब, करवती कडांच्या पानांची एरिंजियम फीटिडम. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. वास कोथिंबिरीचाच, पण अधिक उग्र, आणि सावली व ओल तिला आवडते. दुसरी व्हिएतनामी कोथिंबीर. तिचं कूळ पूर्ण वेगळं, ती बहुवर्षायू आहे आणि फांदी पाण्यात ठेवली की मुळं फुटतात. तुम्हाला टिकणारंच झाड हवं असेल तर ही लावा. मात्र तिच्या वासात तिखटपणा आहे, हुबेहूब कोथिंबीर म्हणून खपत नाही.

राहिली तुमची आत्ता फुललेली कुंडी. ती उपटू नका. तिची छत्रीसारखी पांढरी-गुलाबी फुलं उथळ असतात, त्यामुळे लहान तोंडाच्या कीटकांनाही मध मिळतो. घिरट्या माश्या, लेडीबर्ड, जाळीदार पंखांचे क्रायसोपा आणि परोपजीवी गांधीलमाश्या तिथे येतात, आणि यांतल्या बऱ्याच जणांची पिल्लं मावा फस्त करतात. बाजूला मिरची किंवा टोमॅटो असेल तर हा मोठाच फायदा. फुलं गळून हिरवे दाणे धरले की थोडे तसेच खुडून वापरा. ताज्या हिरव्या धण्याची चव पान आणि मसाला यांच्या मधली असते आणि ती विकत मिळत नाही.

बाकीचे पिकू द्या. हिरवा दाणा चुरगळला तर ढेकणासारखा उग्र वास येतो. पिकताना अल्डिहाइड कमी होत जातात, लिनालूल हे सुगंधी द्रव्य वरचढ होतं आणि वास गोड होतो. डोळ्यांआधी नाकालाच कळतं. निम्म्याहून जास्त दाणे तपकिरी झाले की दवाच्या वेळी, सकाळी लवकर दांडे कापा. उन्हात कापलेत तर निम्मे दाणे जमिनीवर. कागदी पिशवीत उलटे टांगून दोन आठवडे वाळू द्या, मग चोळून पाखडा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत, थंड अंधाऱ्या जागी ठेवा. वर्ष-दोन वर्षं उगवणीला चांगले राहतात.

यात एक काळजी घ्या. सगळ्यात आधी जे झाड फुललं, त्याचे धणे स्वयंपाकाला वापरा. पेरायला ठेवायचे ते सगळ्यात उशिरा फुललेल्या झाडांचे. घाई करणाऱ्या झाडाचंच बी दरवेळी ठेवत गेलात तर पुढच्या पिढ्यांतही घाईच निवडली जाते. एकाच झाडावर थांबू नका, चार-पाच ठेवा, कारण कीटकांमुळे परागीकरण झाडाझाडांत मिसळतं. आणि लवकर फुललेल्यांचे दांडे, उशिराची फुलं उमलायच्या आधी काढून टाका. बरणीवर पेरणीची आणि पहिलं फूल आल्याची, अशा दोन तारखा लिहून ठेवा.